मोरवा, सुरजागड आणि ‘उडान’ची तीन वर्षं

चंद्रपूर जिल्ह्याच्या पोटात कोळसा आहे, चुनखडी आहे. शहराला लागून २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. राजुरा-कोरपना पट्ट्यात सिमेंटचे कारखाने, बल्लारपुरात कागद, भद्रावतीत आयुध निर्माणी, आणि वर ताडोबाचे वाघ. एवढं सगळं असलेल्या जिल्ह्याला नियमित प्रवासी विमान मात्र नाही. नागपूर रस्त्यावरच्या मोरव्याला जेमतेम एक किलोमीटरची धावपट्टी आहे. तिथे मंत्र्यांची छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरतात, अलीकडे नागपूर फ्लाइंग क्लबचे शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. तिकीट काढून कोणी चढत नाही. शेजारच्या गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज निघू लागल्यापासून तिथेही विमानतळाची भाषा सुरू झाली आहे.

मागणी जुनी आहे आणि प्रामाणिकही आहे. ज्या भागातून राज्याची वीज आणि सिमेंट जातं, त्या भागातल्या माणसाने मुंबईला पोहोचायला एक रात्र का घालवावी, हा प्रश्न चंद्रपुरात कोणालाही विचारून पाहावा. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. आडवळणाच्या खाणपट्ट्याला विमानतळ लागतो का, लागला तर केवढा, आणि उद्घाटनानंतर चौथ्या वर्षी विमान चालू ठेवण्याचे पैसे कोण देणार? गेल्या आठ-नऊ वर्षांत देशभर एवढे प्रयोग झाले आहेत की याचं उत्तर आता अंदाजाने देण्याची गरज उरलेली नाही.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करायला हवी. खनिज विमानाने जात नाही. कोळसा मालगाडीने जातो, सिमेंट ट्रकने आणि रेल्वेने जातं. सुरजागडच्या खनिजासाठी तर हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी टाकली गेली, जिच्यातून खनिजाची भुकटी पाण्याबरोबर वाहते. खाणीमुळे विमानात बसणारा माणूस वेगळा. नागपूर-मुंबईच्या मुख्यालयात बैठकीला निघालेला अधिकारी, बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करायला आलेला तंत्रज्ञ, लेखापरीक्षक, ठेकेदार, बंदोबस्तावरून सुटीवर निघालेला केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान. कधी एखादा सुटा भाग, ज्याच्यावाचून अवाढव्य शॉवेल दिवसभर उभं राहतं. ही मंडळी नेमकी किती, आठवड्यातून किती वेळा आणि कुठे जातात, यावर विमानतळाचं गणित उभं राहतं किंवा कोसळतं. खाणीतून किती लाख टन माल निघतो याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, तरी भाषणांत टनांचेच आकडे ऐकू येतात.

मोरव्याचं दुखणं जागेचं आहे. ६८ ते ७२ आसनी एटीआर विमानाला पूर्ण भाराने उडायला समुद्रसपाटीला, सौम्य हवेतसुद्धा सव्वा-दीड किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकद घटते. मग एकतर धावपट्टी लांब हवी किंवा प्रवासी कमी घ्यायला हवेत. अमरावतीच्या बेलोऱ्याला म्हणूनच धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढवावी लागली. मोरव्याला तशी वाढ करायची तर वीज केंद्राच्या चिमण्या आणि कोळशाचा पट्टा आड येतो. ज्या उद्योगासाठी विमान हवं, त्याच उद्योगाने विमानाची वाट अडवली आहे.

त्यामुळे राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगाव इथे नव्या विमानतळाची जागा निवडली गेली. तो प्रस्ताव वनजमिनीच्या आणि वाघांच्या भ्रमणमार्गाच्या प्रश्नावर अडखळला. ताडोबातले वाघ दक्षिणेकडे तेलंगणातल्या कावलच्या जंगलाकडे सरकतात, ते याच भागातून. तेव्हा हा आक्षेप कागदी म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. चंद्रपुरात माणूस आणि वाघ यांच्या संघर्षात दरवर्षी माणसं मरतात. वाघाची वाट तुटली की वाघ गावात शिरतो, हे तिथल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता ‘उडान’कडे वळू. प्रादेशिक हवाई संपर्काची ही योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर पहिलं विमान उडालं. योजनेची रचना नीट समजून घ्यावी, कारण यश आणि अपयश दोन्ही तिच्यातच दडलेलं आहे. विमान कंपनीने ठरावीक आसनं सवलतीच्या दरात विकायची. सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला सुमारे २,५०० रुपये ही मर्यादा होती. त्यातून होणारा तोटा व्यवहार्यता तफावत निधीतून भरून दिला जातो. हा निधी मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर आकारणी करून उभा राहतो, आणि भरपाईतला २० टक्के वाटा बहुतेक राज्यांना उचलावा लागतो. राज्याने इंधनावरचा कर १ टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट द्यायचं. हे सगळं तीन वर्षं. चौथ्या वर्षी विमानाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

किती उभी राहिली? नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने हा हिशेब मांडला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी सुरूच झालं नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ती फक्त ११२ मार्गांनी. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ते अवघे ५४. दिलेल्या शंभर मार्गांमागे सात. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात दहा वर्षांत आणखी १२० ठिकाणं जोडण्याचा संकल्प जाहीर केला आहे. संकल्पाला विरोध असण्याचं कारण नाही, पण या सातच्या आकड्याचं कारण शोधल्याशिवाय पुढचे मार्ग वाटणं म्हणजे तीच चूक मोठ्या प्रमाणावर करणं.

महाराष्ट्रातली उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. अडीच किलोमीटरची धावपट्टी, मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर, गणपतीत तिकिटांसाठी झुंबड. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘उडान’ची तीन वर्षं संपली आणि मुंबईचं विमान थांबलं. त्याच्या थोडं आधी फ्लाय ९१ या गोव्याच्या कंपनीने पुण्याहून चिपीला विमान सुरू केलं होतं, त्यामुळे धावपट्टीवर अगदीच शुकशुकाट झाला नाही. पण चिपीचं खरं दुखणं गोव्याच्या हद्दीत आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं उडू लागली, देशभरातल्या शहरांना आणि दिवसभर. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ पडतं. गोंदियाच्या बिरसीची कथा थोडी वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही धावपट्टी लांबरुंद आहे, तिथे वैमानिक प्रशिक्षण चांगलं चालतं. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू केलं, ते टिकलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगो आली. यवतमाळजवळच्या भारीची धावपट्टी २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद आणि बारामतीबरोबर रिलायन्सकडे दिली गेली होती. यवतमाळ जिल्ह्यातच वणीच्या कोळसा खाणी आहेत, पण वणीच्या खाणीतल्या अभियंत्याला भारीपेक्षा चंद्रपूर कितीतरी जवळ. जिल्ह्याच्या नावाने धावपट्टी असली म्हणजे ती खाणीच्या कामाची असतेच असं नाही.

एका विमानाच्या विमानतळावरचा दिवस कसा असतो, हे पाहण्यासारखं आहे. विमान यायच्या तासभर आधी जीप धावपट्टीवरून एक फेरी मारते. कुत्रं, डुक्कर, रानातलं जनावर आत शिरलं नाही ना, डांबराचा तुकडा सुटलेला नाही ना, हे पाहायला. पक्षी हुसकावायला फटाके वाजतात. अग्निशमनाची गाडी इंजिन सुरू करून तयार राहते, क्ष-किरण यंत्र चालू होतं, पोलीस आपापल्या जागा घेतात. एटीआर येऊन थांबतं, मागचं दार उघडतं, दाराचीच शिडी होते. पन्नास माणसं उतरतात, पन्नास चढतात. अर्ध्या तासात विमान परत आकाशात. त्या अर्ध्या तासासाठी धावपट्टीवरचे दिवे, हवाई नियंत्रण, सुरक्षा, अग्निशमन, वीज, कुंपण हा सगळा डोलारा वर्षभर सांभाळावा लागतो. दिवसाला सहा विमानं आली तरी हा खर्च सहापट होत नाही, आणि एकही आलं नाही तरी तो शून्य होत नाही. छोट्या विमानतळाला बुडवतो तो हा कायमचा खर्च. बांधकामाचा खर्च एकदाच होतो आणि त्यावर फीत कापता येते, म्हणून चर्चा त्याचीच होते.

खाणी आणि पोलादाच्या गावांत काही धावपट्ट्या टिकल्या आहेत. जमशेदपूरचा सोनारी विमानतळ टाटा स्टीलचा, राउरकेल्याचा ‘सेल’चा, आणि बल्लारीजवळ तोरणगल्लूचा विद्यानगर विमानतळ जिंदाल समूहाचा. तिन्ही ठिकाणी आधी कंपनीची गरज आणि कंपनीचा पैसा होता. सर्वसामान्यांचं तिकीट नंतर आलं. विद्यानगरला २०१७ मध्ये ‘उडान’खाली ट्रूजेटची विमानं सुरू झाली. ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली, पण धावपट्टी बंद पडली नाही, कारण तिचा मालकच तिचं पहिलं गिऱ्हाईक होता. हंपीचे पर्यटक ही वरकड मिळकत. राउरकेल्याला नियमित विमान यायला २०२३ चा हॉकी विश्वचषक निमित्त ठरला. ओडिशातच झारसुगुडाचा विमानतळ सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि कोळसा, वीज, अ‍ॅल्युमिनियम यांच्या जोरावर तिथे मोठी जेट विमानं येऊ लागली.

चंद्रपूर-गडचिरोलीला सगळ्यांत जवळचं उदाहरण बस्तरचं आहे. जगदलपूर ही बैलाडिलाच्या लोहखनिजाची आणि नगरनारच्या पोलाद कारखान्याची बाजारपेठ. १९३९ ची जुनी धावपट्टी. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथून ‘उडान’चं विमान सुटलं, कंपनी दुबळी निघाली आणि सेवा लवकरच कोलमडली. २१ सप्टेंबर २०२० रोजी अलायन्स एअरने हैदराबाद-जगदलपूर-रायपूर असा मार्ग सुरू केला, तो चालला. २०२४ मध्ये इंडिगोही आली. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात गाव तेच, धावपट्टी तीच. फरक पडला तो भक्कम कंपनीचा आणि हैदराबादच्या जोडणीचा. आणखी एक गोष्ट जगदलपूरच्या बाजूने आहे. तिथून रायपूर रस्त्याने ३०० किलोमीटर आहे, मध्ये केशकालचा घाट आहे, आणि रायपूरला थेट रेल्वे नाही.

चंद्रपूरहून नागपूर १५० किलोमीटर. रस्ता चांगला, रेल्वे भरपूर, सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारतही चंद्रपूरला थांबते. तीन तासांत माणूस सोनेगावच्या विमानतळावर पोहोचतो आणि तिथून मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद, बंगळूरला दिवसातून अनेक विमानं मिळतात. चंद्रपुरात रोज एक विमान सुरू झालं असं धरा. सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत यायची सोय त्यात नाही. एक फेरी रद्द झाली की बैठक गेली. मग वेस्टर्न कोलफिल्ड्सचा अधिकारी आणि सिमेंट कंपनीचा व्यवस्थापक पुन्हा नागपूरच गाठणार. ७० आसनांचं विमान रोज एकदा येऊन गेलं तर वर्षाला ५१ हजारांवर आसनं होतात. त्यातली निम्मी-पाऊण भरणारी माणसं चंद्रपुरात कोण, याची नावनिशीवार मोजणी कोणीतरी करायला हवी.

विद्यार्थ्यांचं नाव यादीत नेहमी पहिलं येतं. पुण्यात बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरात विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे आणि आसपासच्या इमारतींत विदर्भातली मुलं खोल्या घेऊन राहतात. दिवाळीच्या सुट्या लागल्या की ही मुलं बॅगा घेऊन स्वारगेट गाठतात, स्लीपर ट्रॅव्हल्सचे दर तेव्हा चढलेले असतात. त्या आठवड्यात पुणे-चंद्रपूर विमान शंभर टक्के भरेल. पण विमान जगतं ते ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारच्या प्रवाशांवर. त्या मंगळवारी मुलं वर्गात असतात आणि ताडोबाचा गाभा पावसासाठी बंद असतो. शिवाय विमान पुण्यात उतरणार कुठे? लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, वेळा मोजक्या, आणि सोयीच्या वेळा मोठ्या शहरांच्या विमानांनी आधीच व्यापलेल्या. मुंबईचीही तीच गत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तिथल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळांपैकी काही वेळा राज्यातल्या लहान गावांसाठी राखून ठेवायला लावणं, हे राज्य सरकार चंद्रपूरसाठी धावपट्टी बांधण्याआधी करू शकतं. त्याला एक एकरही जमीन लागत नाही.

जगात या प्रकाराचं टोकाचं रूप पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसतं. पिलबारातल्या न्यूमन, पॅराबरडू अशा लोहखनिजाच्या गावांना पर्थहून विमानं भरभरून जातात. कामगार दोन-तीन आठवडे खाणीवर राबतो, मग विमानाने घरी. तिथे विमान म्हणजे कामगारांची पाळी बदलणारी बस. खाण कंपन्या आसनं आधीच विकत घेतात, त्यामुळे तोट्याचा प्रश्न येत नाही. पण त्या सोयीची किंमत गावांनी मोजली. पगार पर्थमध्ये खर्च होतो, गावात दुकानं आणि शाळा वाढत नाहीत. घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांच्या मानसिक आरोग्याबद्दल पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळ समितीला २०१५ मध्ये स्वतंत्र अहवाल द्यावा लागला. गडचिरोलीत विमान आलं आणि त्यातून कुशल माणसं बाहेरून येत-जात राहिली, एटापल्लीचा तरुण मात्र सुरक्षारक्षकच राहिला, तर विमानतळाने जिल्ह्याचा काय विकास केला?

गडचिरोलीचा प्रश्न चंद्रपूरपेक्षा वेगळा आहे आणि अधिक गंभीरही. १९८२ मध्ये झालेल्या या जिल्ह्यात देसाईगंज-वडसा सोडता रेल्वे पोहोचलेली नव्हती. वडसा-गडचिरोली मार्गाचं काम अजून चालू आहे. सुरजागडच्या खाणीचा पट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला. २३ डिसेंबर २०१६ रोजी नक्षलवाद्यांनी तिथे ७० हून अधिक वाहनं जाळली. २०२१ मध्ये काम पुन्हा जोरात सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन उत्खननाची परवानगी मिळाली. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत अहेरी-गर्देवाडा एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या गावांना पहिल्यांदा लाल बस दिसली. जिथे एसटी आता पोहोचते आहे, तिथे विमानाची घोषणा लोक कशी ऐकत असतील, याचा विचार घोषणा करणाऱ्यांनी करायला हवा.

तरीही गडचिरोलीला आकाशमार्गाची गरज चंद्रपूरहून जास्त आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, आणि तिथून नागपूरचं मोठं रुग्णालय साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अडलेल्या बाळंतिणीला, जखमी जवानाला पोलिसांच्या हेलिकॉप्टरने हलवल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. निवडणुकीत मतदान पथकं हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने जातात. म्हणजे आकाशमार्ग वापरात आहेच, फक्त तो मतदान यंत्राला आणि बंदोबस्ताला हमखास मिळतो, रुग्णाला मिळाला तर मिळतो. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथे रात्रीही उतरता येईल असे दिवे असलेले हेलिपॅड आणि आरोग्य खात्याच्या अखत्यारीतलं एक कायमचं हेलिकॉप्टर, याने जेवढे जीव वाचतील तेवढे गडचिरोलीच्या टर्मिनलने वाचणार नाहीत.

पैशाचा मार्ग आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या पट्ट्यांवरच्या रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते आणि त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनी किमान ६० टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर बंधनकारक केला. रुग्णवाहक हेलिकॉप्टर या चौकटीत सरळ बसतं. प्रवासी विमानतळाचा खर्च मात्र या निधीवर टाकू नये. तो ज्यांना विमान हवं आहे त्या खाण आणि सिमेंट कंपन्यांनी उचलावा. रोज किती आसनं विकत घेणार, हे त्यांनी पाच-सात वर्षांसाठी लेखी द्यावं, आणि त्याचं पालन खाणपट्ट्याच्या अटींना जोडावं.

मोरव्याच्या धावपट्टीला वाऱ्यावर सोडण्याचंही कारण नाही. ओडिशात इंडियावन एअरने ऑक्टोबर २०२२ पासून जयपूर, उत्केला, राउरकेला अशा गावांना नऊ आसनी सेसना कॅरावान विमानं नेली. हे विमान एक किलोमीटरच्या आत उडू शकतं. चढण्याआधी प्रवाशाचं वजन पाहून जागा ठरते, सामान मोजकंच नेता येतं, इंजिन एकच. थाट नाही. पण नऊ आसनांचं विमान बहुतेक भरायला सात माणसं पुरतात आणि मुंबईऐवजी नागपूर किंवा हैदराबाद गाठलं तर दिवसातून दोन फेऱ्या बसतात. चंद्रपूरहून हैदराबादला अशी सेवा वर्षभर चालवून पाहिली, तर मूर्तीच्या जंगलाला हात लावण्याआधीच प्रवाशांचा खरा आकडा हाती येईल.

गडचिरोलीत जमिनीचा प्रश्न ग्रामसभांपुढे जाणार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय आवश्यक केला आहे, आणि याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. ग्रामसभेपुढे ठेवायच्या कागदांत धावपट्टीच्या नकाशाबरोबर चार गोष्टी असाव्यात: कोणती विमान कंपनी येणार, खाण कंपनी रोज किती आसनांचे पैसे भरणार, सवलतीची तीन वर्षं संपल्यावर तूट कोण भरणार, आणि स्थानिक रुग्णासाठी किती जागा राखीव असतील. हे कागद मराठीबरोबर गोंडी आणि माडियातही वाचून दाखवले जावेत, आणि मोजणीचे अधिकारी शेतात उतरण्याआधी.